भोंगा

रिपोर्टवर आकडा आलाय : एफएसएच अडुसष्ट.
नाव : अंबुबाई राजेशम येमूल. वय : अट्ठेचाळीस.
नियम असा की लॅबवालीनं काही बोलायचं नाही,
पाकीट द्यायचं, सही घ्यायची, डॉक्टरांच्या दाराकडं बोट करायचं.
पण डॉक्टर येतात चारनंतर
आणि साडेअकरालाच बाहेर बेचाळीस डिग्री,
आणि अंबुबाई विडी कारखान्याचं कार्ड पुढं करून बसल्यात.
पान किती, तंबाखू किती, छाट किती,
आणि कडेला, मुकादमाला दिसू नयेत इतके बारीक,
तांबड्या रिफिलचे ठिपके.
जानेवारी. मार्च. एकदम ऑगस्ट.
मग कोरं.

"सांग की. तू येंकटेशमची पोर ना, अशोक चौकातली?"

सांगते.
डोक्याच्या तळाशी बदामाएवढी एक जागा आहे.
ती दर तास-दीड तासानं टिचकी मारते. एवढंच.
तिच्याखाली लोंबते हरभऱ्याएवढी पियुषिका.
ती टिचकी ऐकते आणि रक्तात हाक सोडते,
उठा गं, कोण तयार आहे?
ओटीपोटात दहा-पंधरा पुटिका डोळे चोळत उठतात.
मोठी होते एकच. बाकीच्या छाट.

अंबुबाई हसतात. "तिथंपण छाट?"

तिथंपण.
मोठी झालेली इस्ट्रोजेन धाडते वर :
पुरे, मी आहे, ओरडू नको.
वरचा आवाज उतरतो.
इथवर सरळ. पुढचं मला कॉलेजातही
दोनदा वाचावं लागलं होतं.
तेच इस्ट्रोजेन चढत गेलं, दोन दिवस चढूनच राहिलं,
तर 'पुरे'चा अर्थ होतो 'सोड'.
शब्द तोच, नुसता लांबला म्हणून.
पियुषिका साठवलेलं एलएच एकदम ओतते,
पुटिका फुटते, बीज बाहेर.

"नळासारखं. चार दिवस फुस्स, पाचव्या दिवशी धो धो."

मी हो म्हणते.
पूर्ण बरोबर नाही, पण हो.

फुटल्या जागी पीतपिंड. पिवळं, दोन आठवड्यांच्या आयुष्याचं.
ते प्रोजेस्टेरॉन करतं, गर्भाशयाचं अस्तर मऊ ठेवतं,
पाहुण्याची वाट बघतं.
पाहुणा नाही आला की आपोआप सुकतं
आणि त्याचा हात सुटल्यावर अस्तरही सुटतं.
तुम्ही ठिपका देत होता ना दर महिन्याला,
तो कुणीतरी गप्प झाल्याचा.

"आणि आता?"

आता पुटिका संपत आल्यात.
खालून 'पुरे' म्हणायला कुणी नाही,
म्हणून वरचा आवाज वाढत चाललाय.
अडुसष्ट म्हणजे तो आवाज.

अंबुबाई बराच वेळ पंख्याकडं बघतात.
बोटांना तंबाखूचा वास, सुई टोचली तिथं कापूस अजून धरलेला.

"ह्यांची गिरणी बंद पडली ना,
तरी वॉचमन भोंगा द्यायचा. पगार नव्हता त्याला.
वीसेक दिवस दिला.
हे पहिल्या भोंग्याला उठून डबा मागायचे.
मी भरून द्यायची.
कुठं बसून खायचे, विचारलं नाही कधी."

मग थांबला कसा?

"कुणीतरी वायर चोरली."

आम्ही दोघी हसतो. काउंटरवरचा मुलगा वळून बघतो.

"आणि ही आतली आग गं?
रात्री दोनला चादर फेकते अंगावरची.
सोलापुरी चादर, बाई. फेकताना खांदा निघतो."

ते डॉक्टर सांगतील, मी म्हणते,
कारण मला पटकन दुसरं सुचत नाही.
त्या पेन मागतात. निळं आहे, चालेल का?
चालेल.
आजच्या रकान्यात, आठशे विड्यांच्या शेजारी,
अडुसष्ट लिहितात, नीट, हिशेबाच्या अक्षरात.

तेवढ्यात फोन. शेजारीण किंचाळते, मलाही ऐकू येतं :
नीळ्ळु वच्चिनय! पाणी आलं!
अंबुबाई पाकीट काखेत मारून जिना उतरतात
दोन-दोन पायऱ्यांनी.

सही राहिलीच.